तुतीच्या सालीची नदी

तुतीच्या झाडाची साल काढायला निघालेल्या माणसाची आधी भीड सोलून निघते, मग धीर, मग अब्रू. झाडाचा नंबर सर्वांत शेवटी लागतो. मला हे कोणी सांगितले नव्हते असे नाही. समरकंदमधल्या आमच्या मोहल्ल्यात न सांगितलेली गोष्ट नसते. मी ऐकले नव्हते, इतकेच. आणि त्या वसंतात मी कोणाचेच काही ऐकत नव्हतो.

झाले असे, की एक चित्र अपुरे होते. चित्र माझ्या बायकोचे, मुनिसाचे. ती रंगांनी चित्रे काढत नसे. तुतीच्या सालीचा कागद स्वतः करायची, डाळिंबाच्या सालीत नाहीतर अक्रोडाच्या हिरव्या टरफलात उकळून तो रंगवायची आणि मग हाताने फाडायची. कात्रीला ती हात लावू देत नसे. डोंगराला कुठे कापल्यासारखी कड असते, असे तिचे म्हणणे. त्या फाटक्या, केसाळ कडांमधून डोंगरामागे डोंगर उभे राहत. मक्याच्या कणसाच्या रेशमी धाग्यांतून दुपार उतरे, बोरूच्या तुऱ्यांतून गवत हलू लागे. शेवटचे चित्र तिने आपल्या आजोळचे करायला घेतले होते. वर फिकट आभाळ, मध्ये उतारावरची मातीची धाब्याची घरे, जर्दाळूचे एक वाकडे झाड. खाली हातभर लांबीचा पट्टा कोरा. 'आता फक्त नदी राहिली,' असे म्हणून ती ताश्कंदच्या इस्पितळात गेली, आणि नदी राहिलीच.

आमच्याकडे बायका वर्षभर शोकाचे निळे वस्त्र नेसतात. वर्ष भरले की मोहल्ला जेवायला येतो, वडीलधाऱ्या बायका ते निळे उतरवतात, आणि मेलेले माणूस त्या दिवसापासून रीतीप्रमाणे मेलेले होते. मुनिसाच्या वर्षाचे जेवण नवरोजनंतर, जर्दाळूचा बहर गळून गेल्यावर यायचे होते. त्याच्या आत ती नदी मला पुरी करायची होती. कारण त्यानंतर मी त्या घरात असणार नव्हतो.

याचे स्पष्टीकरण लाजिरवाणे असले तरी द्यावे लागेल. तोंडावर मी 'दोमला', म्हणजे गुरुजी; कॉलेजात साहित्य शिकवतो. पाठीमागे मी घरजावई. घर माझ्या सासूबाईंचे, इनोबत-ओयींचे. घरजावयाची प्रतिष्ठा जिवंत बायकोच्या वेळीही तशी तोळामासाच असते. मांजर निदान उंदीर तरी मारते, असे आमच्या गल्लीत माझ्या लग्नातच कोणीतरी म्हणून ठेवले होते. पण ज्याची बायकोच गेली तो घरजावई म्हणजे पूल वाहून गेल्यावर काठावर उरलेला कठडा. त्याला कोणी पाडत नाही, आणि तो कशासाठी आहे तेही कोणी सांगू शकत नाही. ओयी मला कधी जा म्हणाल्या नाहीत. राहा, असेही म्हणाल्या नाहीत. आम्ही दोघे वर्षभर एकमेकांना चहा ओतून देत होतो आणि 'साखर हवी का' यापलीकडे जाणारे काही बोलायला घाबरत होतो.

बोलण्यासारखे एकच होते, आणि ते स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगलेले होते. प्रवासाला निघालेल्या माणसाने नानचा एक घास तोडायचा, उरलेली नान खिळ्याला टांगायची आणि परत आल्यावर ती त्यानेच संपवायची, ही आमची रीत. घासाची ओढ माणसाला घरी आणते म्हणतात. ताश्कंदला निघताना मुनिसाने घास तोडला होता. घाईत लहानसाच तोडला. ती नान अजून तिथेच होती. माझ्या सासऱ्यांनी ठोकलेला बोटाएवढा जाड खिळा, त्याला फडक्याची गाठ, आणि गाठीत वाळून लाकूड झालेली ती नान, कडेला तिच्या दातांची छोटी चंद्रकोर. तिचे आता काय करायचे याविषयी मोहल्ल्यात तीन-चार पंथ होते. एक म्हणे पाखरांना घाला, एक म्हणे ओढ्यात सोडा, एक म्हणे कबरीशी पुरा. ओयी सर्वांचे ऐकून घेत आणि पातेले घासत. नान टाकणे पाप, आणि ती खाण्याचा अधिकार असलेले माणूस येणार नव्हते. तेव्हा ती टांगलेली होती, माझ्यासारखीच.

तर तुतीची साल. आमच्या दारासमोर तुतीचे झाड आहे, त्याची सावली आमच्या अंगणात पडते, त्याची फळे आमच्या फरशीवर डाग पाडतात आणि त्या डागांवरून घसरून माझे एकदा मनगट मोडले आहे. एवढ्या जवळिकीनंतर झाड आपले वाटू लागते. मी सकाळी कुऱ्हाड घेऊन बाहेर गेलो आणि पहिली फांदी तोडायच्या आत मोहल्ल्याचे प्रमुख, एरगश-अका, गल्लीच्या दुसऱ्या टोकाहून चपला फटफटवीत आले.

"दोमला, झाड सरकारचं आहे. खाली ठेवा ती कुऱ्हाड. शिकलेला माणूस कुऱ्हाडीसोबत बरा दिसत नाही."

एरगश-अका हा माणूस भला. मोहल्ल्यातली लग्ने, भांडणे, गटारे आणि मयती एकाच सुरात चालवतो. त्यांनी मला समजावले, की तुती ही रेशीमकिड्यांची अन्नधान्याची कोठी आहे, तिच्या पानापानावर किड्याचा हक्क आहे, आणि फांदी हवी तर रीतसर अर्ज करावा. मी अर्ज केला. अर्जावर कारण लिहावे लागते. 'नदी' असे लिहून मी ते खोडले. 'कागद तयार करण्यासाठी' असे लिहिले. सरकारी कचेरीच्या खिडकीतले साहेब तो अर्ज बराच वेळ उलटा धरून वाचत राहिले.

तुम्ही किडे पाळता का, असे त्यांनी विचारले. मी नाही म्हणालो. मग तुतीशी तुमचा संबंध काय, असे त्यांनी विचारले. या प्रश्नाला खरे उत्तर होते, पण ते खिडकीतून आत सरकवण्याजोगे नव्हते. मी म्हणालो, मी साहित्य शिकवतो. साहेबांनी माझ्याकडे मोठ्या दयेने पाहिले. कागद तर दुकानात मिळतो, ते म्हणाले. आणि नाही मिळाला तर इथून घेऊन जा, आमच्याकडे पाठकोरा पुष्कळ आहे.

त्यानंतर माझा अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर, वयस्क माणूस खोलीतून खोलीत चष्मा शोधत फिरतो तसा फिरला. अखेरीस एरगश-अकांनी तोड काढली. ती अशी, की ज्या घराने वसंतात रेशीमकिड्यांची पेटी सांभाळायला घेतली आहे त्याला छाटणीच्या फांद्या मिळतात. सबब त्यांनी परस्पर माझे नाव किडेपालकांत घातले. हे मला कचेरीतून बाहेर आल्यावर कळले. ज्याला स्वतःचे घर नाही त्याच्या नावावर आता हजारो जीव खात, कात टाकत, कोश विणत राहणार होते. मी म्हणालो, अका, किडे येतील तेव्हा मी इथे असेन की नाही कोणास ठाऊक. ते म्हणाले, "ते पुढचं पुढे. किड्यांना कुठे माहीत आहे तुम्ही जाणार आहात ते."

फांद्या मिळाल्या. मी त्या अंगणातल्या हौदात भिजत घातल्या, सोलल्या, आणि वरची काळी साल चाकूने खरवडून आतली पांढरी तेवढी ठेवू लागलो. मुनिसा हे काम गुणगुणत करायची. माझ्या हातून सालीपेक्षा बोटेच जास्त सोलली गेली. भिंतीवरून डोकी उगवू लागली. एकाने विचारले, टोपल्या विणणार का. दुसऱ्याने सांगितले, की तुतीच्या सालीचा काढा दातदुखीवर चांगला. तिसऱ्याने काहीच विचारले नाही. त्याने नुसती मान हलवली, आणि संध्याकाळपर्यंत दोमलांच्या डोक्यावर परिणाम झाल्याची बातमी आमच्या नानवाल्यापर्यंत पोहोचली. त्याने मला त्या दिवशी नान निवडून, मऊ बघून दिली. वेड लागल्याचे काही फायदेही असतात.

रोहिला-ओपांनी मात्र परिस्थिती हाती घेतली. या बाई आमच्या शेजारीण. मोहल्ल्यातला प्रत्येक विवाह आपल्या जिभेवरून गेला पाहिजे, अशी त्यांची निष्ठा आहे. त्या ओसरीवर येऊन बसल्या आणि माझ्यादेखत ओयींना सांगू लागल्या, की स्टेशनपलीकडे एक विधवा आहे, स्वभावाने गरीब, स्वतःचा फ्लॅट, नळाला गरम पाणी. वर्षाचे जेवण झाले की दोमलांना मोकळे करा, पुरुषमाणूस साली खरवडत बसलाय हे काय बघवते?

ओयी मटार सोलत होत्या. त्यांनी एक शेंग उघडली, आत दाणा नव्हता, ती बाजूला ठेवली.

"जावईबापू मोकळेच आहेत," त्या म्हणाल्या. "मी कुठे बांधून ठेवलंय?"

वाक्य सरळ होते. मी ते त्या रात्रभर उलटसुलट करून पाहिले. त्यात मला जा म्हटले होते का? कवितेत अशी ओळ आली असती तर मी वर्गात तिच्यावर तासभर बोललो असतो. इथे ती माझ्याविषयी होती. सकाळी मी माळ्यावरची सूटकेस खाली काढून पुसून ठेवली. ओयींनी ती पाहिली. त्यांनी तिच्याखाली फडके घातले, फरशीला ओरखडे पडू नयेत म्हणून.

आता साल शिजवायची होती. त्यासाठी मोठी कढई हवी. मोठी कढई मोहल्ल्याची सामाईक असते, आणि ती त्या आठवड्यात नवरोजसाठी घासूनपुसून ठेवलेली होती. एरगश-अका स्वतः गावाबाहेर गेले होते. त्यांच्या घरून मी ती मागून आणली. माझी चूक झाली ती इथे, आणि मी परका असतो तर ती क्षम्य होती. पण मी याच मातीतला. नवरोजच्या आठवड्यात मोहल्ल्याची कढई ज्या अंगणात जाते आणि जिथे चूल पेटून लांब दांड्याच्या फावड्याने काहीतरी तपकिरी ढवळले जाते, तिथे सुमलक शिजत असतो, हे आमच्याकडे दूधपित्या पोरालाही कळते. अंकुरलेल्या गव्हाची ती दाट गोड लापशी. ती एकट्याने करायची नसते. येईल त्या बाईने फावडे हाती घ्यायचे, ढवळताना मनात एक मागणे मागायचे, आणि तळाला लागू नये म्हणून धुतलेला गोटा आत सोडायचा. ज्याच्या वाडग्यात गोटा येईल त्याचे मागणे पुरे होते.

मी सकाळीच साल कढईत टाकली, फावड्याने खालीवर केली. साल मऊ व्हायला राख लागते. घरची पुरणार नव्हती, म्हणून ती आणायला नानवाल्याकडे गेलो. तो गप्पिष्ट माणूस. माझ्या डोक्याविषयी हळुवारपणे विचारपूस करीत राहिला. मी राखेचे पोते घेऊन परत आलो तेव्हा अंगणाच्या दारात चपलांचा ढीग होता.

आत मोहल्ल्यातल्या सगळ्या बायका. पण गाणे नाही, हसणे नाही. शोकाच्या घरात सुमलक चढवला आहे म्हणजे इनोबतने मन घट्ट करून वर्ष सरायच्या आधीच दार उघडले आहे, असे त्यांनी मानले होते. आणि त्या धाडसाला दचकवू नये म्हणून त्या पाय न वाजवता आल्या होत्या. एकेक जण फावडे घेई, डोळे मिटून ओठ हलवी, डोईच्या रुमालाच्या टोकातून गोटा काढून हलकेच सोडी. कोणीतरी दाटपणा कमी वाटला म्हणून गव्हाचे पीठ ओतले होते. कोणीतरी तेल. गावाहून थेट तिथेच आलेले एरगश-अका कडेला उभे राहून पळीतून चाखत होते, आणि गोडवा अजून उतरायचा आहे असे त्यांचे मत पडले होते.

राख अजून माझ्या खांद्यावर होती हे परमेश्वराचे उपकार. मी तोंड उघडले. तेवढ्यात ओयी ओसरीवरून उतरल्या.

निळ्या वस्त्रात त्या अंगण ओलांडून आल्या तशा बायका दुभंगून बाजूला झाल्या. ओयींनी पहाटेपासून मला पाहिले होते. सालीचे भारे त्यांच्या डोळ्यांदेखत कढईत गेले होते. चुलीला पहिले लाकूड त्यांनीच लावून दिले होते. गहू कुठे होता आणि कुठे नव्हता, हे त्या अंगणात माझ्याशिवाय फक्त त्यांना माहीत होते. त्यांनी रोहिला-ओपांच्या हातातून फावडे घेतले, दोन्ही हातांनी धरले, आणि त्या जड, तपकिरी, निरर्थक गोळ्यात एक संथ वर्तुळ काढले. ओठ हलले. मग खिशातून एक चपटा करडा गोटा काढून त्यांनी कढईत सोडला. तो दगड मी ओळखला. त्यांच्या लोणच्याच्या बरणीवर दाब म्हणून तो कायम असे. लग्न होऊन डोंगरातून खाली उतरल्या तेव्हा माहेरच्या नदीतून आणलेला.

मी तोंड मिटले. राखेचे पोते खाली ठेवले. ज्या बाईने सालीच्या पाण्यात मागणे मागितले, तिला ही साल आहे असे कोण सांगणार?

सांगावे लागलेच, कारण लोक वाडगे आणायला निघाले. मी एरगश-अकांना बाजूला घेऊन सांगितले. ते प्रथम पळीकडे पाहत राहिले, मग स्वतःच्या पोटाकडे. पण माणूस मोहल्ला चालवणारा. त्यांनी घसा खाकरून जाहीर केले, की हा सुमलक खाण्याचा नाही. मुनिसाच्या चित्राचा आहे. क्षणभर कोणाला अर्थ लागेना. मग रोहिला-ओपांना लागला.

"म्हणजे मी माझ्या सुनेसाठी पोर मागितलं ते लाकडापाशी?" त्या म्हणाल्या. "आणि आता ते कोण देणार, सुतार?"

गलका उठला. मागणी परत घेता येतात का, दुसऱ्या कढईत पुन्हा मागितली तर चालतील का, यावर मतभेद झाले. शेवटी एरगश-अकांनी निवाडा दिला. मागणे गव्हात नसते, गोट्यात असते. गोटे जिथे राहतील तिथे ते राहील. सबब दोमलांनी एकही गोटा टाकून देऊ नये.

हा निवाडा धार्मिकदृष्ट्या कसा होता ते मला माहीत नाही. कागदाच्या दृष्टीने तो सत्यानाश होता. साल राखेत शिजवून, धुऊन, मी हातोडीने दगडावर कुटायला बसलो. हातोडी घरातली एकच, सासऱ्यांची, दांडा सैल. चार घाव घातले की डोके उडे आणि मी ते अंगणातल्या जर्दाळूखालून शोधून आणी. लगद्यात पीठ, तेल आणि मोहल्ल्याच्या इच्छा. मुनिसाची चौकट घेऊन मी तो लगदा पाण्यातून उचलू लागलो. मोठे गोटे मी वेचून पाण्याने भरलेल्या परातीत मांडून ठेवले होते; पण लहान खडे लगद्यातच रुतले होते, आणि त्यांच्या मालकिणी दिवसातून दोनदा येऊन खुशाली विचारीत. पहिला कागद स्वतःच्या वजनाने फाटला. दुसरा भिंतीवर वाळत लावला तो शेजारच्या मांजराने सोलून नेला. पुढचे पिठामुळे बुरशीचे ठिपके घेऊन आले. मुनिसाचा कागद उजेडासमोर धरला की पहाटेच्या धुक्यासारखा दिसे. माझा कागद दिसे एखाद्या म्हाताऱ्याच्या टाचेसारखा.

भिंतीवर अखेर एकच पट्टा टिकला. करडा, सुरकुतलेला, जागोजाग टेंगळे आलेला, मध्येच तेलाने काळवंडलेला. जेवणाचा दिवस अगदी तोंडावर आला होता. मी तो पट्टा पाहिला आणि मला मुनिसाची आठवण आली. ती असती तर हसली असती. मला तिचे ते हसणे ऐकू येईना. वर्षभर येत होते, आणि त्या संध्याकाळी, त्या कुरूप कागदासमोर, पहिल्यांदा आले नाही. माणूस दुसऱ्यांदा जाते ते असे. त्या वेळी चपलांचे ढीग जमत नाहीत.

मी पट्टा भिंतीवरून ओरबाडायला हात घातला.

"काढू नका," ओयी मागून म्हणाल्या.

त्या जवळ आल्या. चष्मा नसल्यामुळे त्यांनी डोळ्यांऐवजी बोटांनी पाहिले. टेंगळांवरून, सुरकुत्यांवरून, तेलाच्या काळ्या ओघळावरून बोटे चालत गेली, थांबली, पुढे गेली.

"आमची नदी उन्हाळ्यात अशीच असते," त्या म्हणाल्या. "पाणी नसतं. नुसते दगड, आणि मध्ये एक ओली रेघ. मुनिसाने फक्त वसंतातली पाहिली होती. निळी करणार होती ती." थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "मी उतरले ती याच्यावरून."

मी परातीतले गोटे आणले. त्यांनी आपला चपटा गोटा न बघता उचलला आणि पट्ट्याच्या कडेशी धरला. इथे, म्हणाल्या.

आता फक्त चिकटवायचे होते, आणि चिकटेना. दुकानातला डिंक त्या तेलकट कागदाला धरीना. रात्री बसवलेली नदी सकाळी फरशीवर. रोहिला-ओपांनी अंड्याचा बलक सुचवला, एरगश-अकांनी टायरवाल्याकडचे सोल्यूशन. मी चहाच्या वेळी ओयींना एवढेच सांगितले, की मुनिसा काहीतरी खळ शिजवायची, कशाची ते मी कधी विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी चित्राशेजारी झाकलेला वाडगा होता. आत घट्ट, गरम, किंचित तांबूस खळ. तिला भाजल्याचा वास होता. कशाची आहे, मी विचारले. गव्हाची, ओयी म्हणाल्या, आणि परसात निघून गेल्या. मी बोट बुडवले. मग, का कोण जाणे, स्वयंपाकघराच्या भिंतीकडे पाहिले.

खिळ्यावर फडके रिकामे लोंबत होते. उखळात थोडा चुरा उरला होता.

मी ती खळ हाताने लावली. ब्रश नको वाटला. आभाळाखाली, धाब्यांखाली, जर्दाळूच्या वाकड्या झाडाखाली मी उन्हाळ्यातली नदी बसवली, तिच्या काठाने मोहल्ल्याचे गोटे दाबले, आणि तळहात टेकून धरून राहिलो. खळ हळूहळू थंड होत गेली. नदी सुटली नाही.

वर्षाच्या जेवणाला पुलाव फळफळीत झाला, मोहल्ला पोटभर जेवला, आणि मग बैठकीत टेकवून ठेवलेल्या चित्रासमोर अशी गर्दी झाली, की कुराणपठण करणाऱ्यांना आवाज चढवावा लागला. डोंगर कोणी पाहत नव्हते. प्रत्येक जण आपला गोटा शोधत होता. हा माझा, नाही तुझा तो पलीकडचा, माझ्यावर पांढरी शीर होती. रोहिला-ओपांना आपला मोक्याच्या जागी, ऐन पाण्याच्या रेघेशी दिसला, तेव्हा त्यांनी सुनेला खांद्याला धरून पुढे आणले आणि त्याला हात लावायला लावला. सुताराविषयीचे शब्द त्यांनी मागे घेतले. एरगश-अकांनी मात्र चव आठवून चित्राला दुरूनच सलाम केला.

मग आतल्या खोलीत म्हाताऱ्या बायकांनी ओयींचे निळे उतरवले. त्या बाहेर आल्या तेव्हा अंगावर करडे, बारीक फुलांचे वस्त्र होते, आणि एका वर्षात त्या किती लहान झाल्या आहेत ते मला दिसले. रोहिला-ओपा माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, की आता दोमला मोकळे. स्टेशनपलीकडचे लोक या आठवड्यात चहाला बोलावताहेत.

मी तिथे जाणार नव्हतो. कॉलेजजवळ एक खोली पाहिली होती, खिडकी भिंतीकडे उघडणारी. दुसऱ्या दिवशी सकाळी सूटकेस घेऊन अंगणात आलो. काय बोलायचे ते मी पाठ केले होते: आभार, क्षमा, येत-जात राहीन. साहित्य शिकवणाऱ्या माणसाला शोभेल असे, तीन वाक्यांचे.

तंदूर पेटला होता. ओयी दारात उभ्या होत्या, हातात फडक्यात गुंडाळलेली ताजी नान. रीत त्यांनी चुकवली नव्हती. निघालेल्या माणसाच्या तोंडासमोर धरायची ती नान त्यांनी पोटाशी धरली होती. मी सूटकेस खाली ठेवली आणि घास तोडायला पुढे झालो. नान पुढे आली नाही.

त्यांच्या खांद्यावरून मला स्वयंपाकघराची भिंत दिसत होती. चित्र तिथे होते. रात्रीतून केव्हातरी त्यांनी ते बैठकीतून आत नेऊन टांगले होते, सासऱ्यांच्या त्या बोटाएवढ्या खिळ्याला. थोडे तिरके. नदी उजवीकडे कलली होती.

"आणि ते किडे येतील तुमच्या नावावर," ओयी म्हणाल्या. "त्यांना पानं कोण तोडून घालणार?"

मी म्हणालो, एरगश-अकांना सांगून नाव बदलून घेता येईल.

त्यांनी मान हलवली. मग त्या भिंतीकडे वळल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुम्ही घास तोडाल, जावईबापू. पण टांगू कुठे? खिळा एकच आहे."

भिंत चांगली लांबरुंद होती. तिच्यावर शंभर खिळे बसले असते. पाठ केलेल्या वाक्यांतले एकही आठवेना.

"हातोडीही सापडत नाही," मी म्हणालो.

हातोडी आमच्या दोघांच्या मध्ये उंबऱ्याशी पडली होती, दांडा एकीकडे, डोके एकीकडे. ओयींनी ती पाहिली. त्या तिला ओलांडून आत गेल्या, नान मोडून ताटलीत ठेवली, आणि साखर हवी का, असे विचारले.